बाळाविना बाळंतपण

नोएमीने संत्रं अर्धं सोललं होतं, तेवढ्यात सासूबाईंनी ते हातातून काढून घेतलं. नुसतं काढून घेतलं नाही, तर सालीसकट मागच्या दारी नेऊन कोंबड्यांपुढे टाकलं आणि हात धुऊन परत आल्या.

"थंड असतं ते, मिहा," दोन्या कुका म्हणाल्या. "पथ्यात असं खाऊन मरायचंय का तुला?"

मिहा म्हणजे पोरी, जसं दोन्या म्हणजे बाई. दोन्या कुकांना जितका राग जास्त, तितकी त्यांची मिहा गोड.

जून महिना. टेक्सासच्या पार दक्षिणेला, सरहद्दीच्या नदीलगतचं दोना गाव. बाहेर डांबर मऊ पडलेलं, कुत्रीसुद्धा गाड्यांखालून हलायला तयार नव्हती. आणि घरात एसी बंद, कारण वारा लागेल! नोएमीच्या पोटाला लांबलचक पट्टा आवळलेला, दोन्ही कानांत कापसाचे बोळे, पायांत लोकरी मोजे आणि पुढ्यात दालचिनीचा उकळता चहा. अगदी ओल्या बाळंतिणीचा थाट. फक्त बाळ तेवढं नव्हतं. नोएमी एक्केचाळीस वर्षांची होती, तिचा एकुलता एक मुलगा सैन्यात भरती होऊन लांब गेला होता, आणि दुसऱ्या बाळाचा विचार तिने त्याच्या दुधाच्या दातांबरोबरच सोडून दिला होता.

हा धोंडा तिने आपल्याच हाताने पायावर पाडून घेतला होता, आणि म्हणूनच तिला जास्त वैताग येत होता. दुसऱ्या कुणी पाडला असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

झालं होतं असं. नोएमी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. वर्षभर पोरांच्या ताटात घेवडा आणि गाजरं वाढायची, पोरं ती नेमाने कचऱ्याच्या डब्यात ओतायची, आणि नोएमी घरी येऊन तिखट चिप्सच्या पिशवीत वितळलेलं चीज ओतून, वर लाल सोड्याची बाटली उघडून टीव्हीपुढे बसायची. रात्रीचं जेवण म्हणजे पाकिटातल्या शेवया. शाळेला सुट्टी लागली तशी ती दवाखान्यात जाऊन बायकांची नेहमीची तपासणी करून आली, आणि आठवड्याभराने तिला परत बोलावणं आलं.

दवाखान्यातल्या सामोरा बाई तरुण होत्या, पण बोलायला मोकळ्या. गर्भाशयाच्या तोंडाशी एक व्हायरस आहे, त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी होता तोच. बहुतेक बायकांचं शरीर त्याला आपणहून हाकलून देतं. तुमच्या शरीराने अजून हाकललेला नाही, आणि तिथल्या पेशी जरा बदललेल्या दिसतायत. हा कॅन्सर नाही. पण होऊ द्यायचा नसेल तर दुर्बिणीतून नीट बघून छोटा तुकडा तपासायला पाठवायला हवा. मग त्यांनी विचारलं, तुम्ही खाता काय? नोएमीने सांगितलं. सामोरा बाईंनी पेन खाली ठेवलं.

"भाज्या, फळं, कडधान्यं खा हो," त्या म्हणाल्या. "नीट खाणाऱ्या बायकांत हा व्हायरस कमी टिकतो असं काही अभ्यासांत दिसलंय. खात्री कुणी देणार नाही. पण शरीराला लढायचं असेल तर त्याला चिप्स देऊन कसं चालेल? आणि एक लक्षात ठेवा, खाणं सुधारलं म्हणून तपासणी चुकवायची नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या."

"हा व्हायरस येतो कुठून?" नोएमीने विचारलं.

सामोरा बाईंनी तेही सांगितलं. नवराबायकोच्या संबंधांतून. कधी आला ते कळत नाही, वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो, कुणाकडून आला ते कुणीच सांगू शकत नाही.

बस्स! एवढं ऐकलं आणि नोएमी धास्तावली. व्हायरसमुळे नव्हे, घरच्यांमुळे. नवरा एव्हेरार्दो थंडगार ट्रकमधून कांदे आणि खरबुजं घेऊन शिकागोपर्यंत जायचा, आठ-दहा दिवसांनी उगवायचा. वाटेत तो कुठे झोपतो हे तिने कधी विचारलं नव्हतं. आणि लग्नाआधी नोएमीचा रोलांदो नावाचा मित्र होता. हे अख्ख्या दोना गावाला माहीत होतं, आणि दोन्या कुकांना तर काल घडल्यासारखं आठवत होतं. म्हणजे बाण कुठूनही सुटो, घरात रक्त सांडणार हे ठरलेलं.

म्हणून घरी आल्यावर सासूबाईंनी "काय म्हणाले?" असं विचारलं, तेव्हा तिने अर्धंच सांगितलं. गर्भाशयाचं थोडं नाजूक आहे म्हणाल्या, आणि दिएता सांगितलीय.

आता दिएता म्हणजे पथ्य. पण नदीच्या अल्याड-पल्याडच्या जुन्या बायकांच्या तोंडी दिएता म्हणजे एकच पथ्य, बाळंतिणीचं. चाळीस दिवस. गर्भाशय आणि दिएता हे दोन शब्द एका वाक्यात पडले आणि दोन्या कुकांनी पुढचं काही ऐकलंच नाही. त्यांनी कपाटातून पट्टा काढला.

"अहो, तसलं पथ्य नाही," नोएमी म्हणाली. "भाजीपाला खायचं पथ्य."

"गर्भाशयाचं आहे ना?"

"आहे, पण—"

"मग तेच. आजकालच्या डॉक्टरणींना नावं नवी लागतात. पथ्य जुनंच असतं, मिहा. हात वर कर."

आणि पट्टा आवळला.

त्या दिवसापासून सासूबाईंनी घराचं प्रसूतिगृह केलं. काकडी, टोमॅटो, पालक, संत्रं, लिंबू, आवाकादो सगळं थंड, म्हणून हद्दपार. कडधान्यांनी वायू होतो, तीही बंद. खायचं काय? कोंबडीचं पाणी, भाजून कडक केलेल्या तोर्तियाच्या पोळ्या आणि मक्याच्या पिठाची पेज. सकाळी पेज, दुपारी कोंबडी, रात्री कोंबडी आणि पेज. सामोरा बाईंनी जे जे खा म्हणून सांगितलं होतं, ते ते नेमकं सासूबाईंनी बंद केलं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते काय खोटं?

केर काढायचा नाही. अंघोळ करायची नाही, फार तर रोजमेरीच्या पाण्याने अंग पुसायचं. फोन बघायचा नाही, नजर अधू होते, म्हणून फोन सासूबाईंच्या एप्रनच्या खिशात. आणि रडायचं तर मुळीच नाही.

"पथ्यात रडलं की डोळे जातात," दोन्या कुका म्हणाल्या.

"मग मला रडवू नका," नोएमी म्हणाली.

"कोण रडवतंय? पेज घे."

नोएमीने भांडून पाहिलं. पण भांडायला मुद्दा लागतो, आणि खरा मुद्दा तर तिने स्वतःच पोटात दडवून वरून पट्टा बांधून घेतलेला! एकदा तिने चोरून मागच्या अंगणातला एक टोमॅटो तोडून खाल्ला, तर सासूबाईंनी वेलीवरचे टोमॅटो मोजायला सुरुवात केली. धड सांगता येईना, धड सोसवेना. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की तपासणीची तारीख पक्की होती, गुरुवारची, आणि बुधवारी एव्हेरार्दो ट्रक घेऊन परत येणार होता. तो नेईल. दवाखान्याच्या दारात सोड म्हटलं तर तो कारण विचारणाऱ्यातला नव्हता.

मधल्या काळात शेजारच्या दोन्या तेन्चा येऊन गेल्या. कुंपणावरून कोंबडीचा वास रोज जात होता, कपडे वाळत घालायला सासू येत होती, सून दिसत नव्हती. दोन्या तेन्चांनी दोन अधिक दोन केले आणि विणलेले इवलेसे पिवळे मोजे घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कुठेय बाळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाळ नाही," नोएमी म्हणाली.

दोन्या तेन्चांचा चेहरा पडला. त्यांनी छातीवर क्रूस काढला, नोएमीचा हात दाबला आणि म्हणाल्या, "देवाची मर्जी, पोरी. अजून वय गेलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की नोएमीचं पोट पडलं. दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या बायकांनी तिच्यासाठी मेणबत्ती लावली. नोएमीने कपाळावर हात मारून घेतला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मारुतीसुद्धा गल्लीतल्या बायका आता खांद्यावर घेऊन मिरवत होत्या.

बुधवारी संध्याकाळी एव्हेरार्दो आला. येताना ट्रकमधून एक मोठं कलिंगड काखेत मारून आणलं. दारातच आईने ते बघितलं.

"हे घरात आणायचं नाही, किती वेळा सांगितलंय तुला?"

"आई, हंगाम आहे. फुकट मिळालं."

"तेन्चाच्या शेळ्यांना घाल."

"दर वर्षी शेळ्यांनाच घालायचं?" एव्हेरार्दो म्हणाला. पण त्याने ते पायरीवरच ठेवलं. दोन्या कुका कलिंगड खात नसत. अंगाला मानवत नाही म्हणायच्या. घरात सुरीसुद्धा लावू द्यायच्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून नोएमी हे बघत होती, आणि सासूच्या शंभर खोडींतली ही एक म्हणून तिने ती कधीच सोडून दिली होती.

एव्हेरार्दो आत आला, बायकोकडे बघितलं, कानातला कापूस बघितला, सोफ्यावर आपली उशी आणि चादर घडी करून ठेवलेली बघितली.

"हे अजून चालूच आहे?"

"चाळीस दिवस," आई म्हणाली. "तोवर तू सोफ्यावर."

"दहा दिवस स्टिअरिंगवर झोपून आलो मी!"

"मग सवय आहे ना तुला."

जेवायला बसले. एव्हेरार्दोच्या ताटात मांस, भात, राजमा, कांदा-टोमॅटोची चटणी. नोएमीच्या वाडग्यात कोंबडीचं पाणी. तिने चमचा खाली ठेवला आणि शक्य तितक्या सहज आवाजात नवऱ्याला म्हणाली, "उद्या सकाळी मला जरा दवाखान्यात सोड. तिथे तारीख आहे माझी."

"ती आता नाही," दोन्या कुका म्हणाल्या.

"काय नाही?"

"तारीख. परवा त्यांचा फोन आला होता तुझ्या फोनवर. गुरुवारी या म्हणून आठवण करायला. मी सांगितलं, ती दिएतावर आहे, चाळीस दिवस उंबरठा ओलांडायची नाही. ती मुलगी म्हणाली बरं, मग पुढची तारीख देते. ऑगस्टच्या शेवटी दिलीय." त्यांनी तोर्तिया मोडली. "पथ्यात कुणी आत थंड लोखंड घालतं का? त्यांना कळायला नको?"

नोएमी उठून उभी राहिली. तिने कानातला एक बोळा काढला, मग दुसरा. मग ब्लाऊज वर करून पट्ट्याची पिन काढली आणि तो लांबच्या लांब पट्टा गोल गोल सोडत राहिली. तो संपेचना. शेवटी तिने तो टेबलावर आपटला, चटणीच्या वाटीत.

"माझ्या आत व्हायरस आहे!" ती ओरडली. "ऐकलंत? बाळंतपण नाही, थंडी नाही, वारा नाही. व्हायरस! तिथल्या पेशी बिघडायला लागल्यात, आणि उद्या त्या बघून तुकडा काढणार होत्या. कॅन्सर होऊ नये म्हणून! आणि तुम्ही तारीख पुढे ढकलता? ऑगस्ट? मी इथे वाफाळलेली कोंबडी पीत बसू ऑगस्टपर्यंत?"

एव्हेरार्दोचा घास तोंडात राहिला. "व्हायरस? कसला?"

"नवराबायकोत येतो तसला."

"म्हणजे? आला कुठून?"

"तुझ्याकडून आला की माझ्याकडून, कुणाला माहीत! डॉक्टरणीलाही माहीत नाही. वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो म्हणाल्या. तुझ्या ट्रकच्या थांब्यांवरचाही असू शकतो. रोलांदोचाही असू शकतो. घ्या, मीच नाव घेतलं त्याचं, तुम्हाला घ्यायला नको! दोघांनी काय भांडायचंय ते भांडून घ्या. मला त्याची पडलेली नाही. मला तपासणीला जायचंय. बस्स, तेवढंच!"

एव्हेरार्दोने तोंड उघडलं. मग, थांब्यांचा हिशेब मनात आला म्हणून म्हणा किंवा बायकोचा चेहरा बघून म्हणा, त्याने ते परत मिटलं. एवढी अक्कल त्याला अजून होती.

नोएमी सासूकडे वळली आणि वाट बघत उभी राहिली. आता रोलांदो निघेल, मग माहेरचा उद्धार, मग देव आणि पाप. उत्तरं तिच्या जिभेवर तयार होती, वीस वर्षांची साठवलेली.

दोन्या कुका टेबलावरच्या पट्ट्याकडे बघत होत्या. त्याला चटणीचा लाल डाग पडला होता.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "कलिंगडानं नाही होत?"

नोएमीला वाटलं आपण चुकून ऐकलं. "काय?"

"हे. आत सडतं ते. खाण्यानं नाही होत? थंड खाल्ल्यानं?"

"नाही! व्हायरसनं होतं. किती वेळा सांगू?"

"पण तूच म्हणालीस डॉक्टरणीनं खाणं सांगितलं."

"ते शरीराला ताकद यावी म्हणून. नीट खाल्लं तर मदत होते. एखादी फोड खाल्ली म्हणून कुणाला काही होत नाही, दोन्या कुका."

दोन्या कुका हळूहळू खुर्चीवर मागे टेकल्या. एव्हेरार्दोने उठून एसी लावला आणि कुणी त्याला अडवलं नाही.

"एलोइसा," दोन्या कुका म्हणाल्या. "माझी मोठी बहीण. तुम्ही पाहिलेली नाही तिला."

एव्हेरार्दो मान हलवत म्हणाला, "जी तरुणपणी गेली."

"नदीपल्याड, शेतावर राहायचो आम्ही. तिचं दुसरं बाळंतपण. आईनं तिला चाळीस दिवस खोलीत ठेवलं होतं. असाच उन्हाळा. ती मला रोज म्हणायची, कुकिता, तोंडाला चव नाही, काहीतरी गार आण ना. मी चौदा वर्षांची. विहिरीत कलिंगड सोडलेलं होतं बाबांनी. मी त्याची एक फोड कापली, एप्रनखाली लपवून नेली. तिनं खाल्ली. बिया माझ्या ओंजळीत थुंकल्या, आईला दिसू नयेत म्हणून. हसत होती नुसती." त्या थांबल्या. "चार-पाच वर्षांनी तिला रक्त जायला लागलं. थांबेना. शेवटी शेवटी खोलीत वास यायचा. आई म्हणाली, हिनं पथ्य मोडलं होतं, गर्भाशयात थंडी बसली. सगळ्यांना विचारलं तिनं, कुणी काय दिलं होतं हिला? मी बोलले नाही. आणि एलोइसानंही नाव घेतलं नाही माझं. शेवटपर्यंत नाही."

नोएमीला अजून राग होता, भरपूर होता, आणि तो कुठे ठेवायचा हेच कळेना. ह्या बाईने आपली तारीख घालवली म्हणून तिचा गळा धरावा, की तिला जवळ घ्यावं? दोन्ही एकदम करता येत नाही. तिने कलिंगडाचा विषय तिथेच सोडला, सासूच्या एप्रनच्या खिशातून स्वतःचा फोन काढून घेतला आणि झोपायला गेली.

सकाळी ती उठली तेव्हा दोन्या कुका स्वयंपाकघरातल्या फोनवर दवाखान्याशी भांडत होत्या. आधी त्यांनी सांगितलं की दिएता मोडली. मग सांगितलं की दिएता नव्हतीच. मग सांगितलं की चूक त्यांची, सुनेची नाही, आणि सून आजच येणार, तिथे बाकावर बसून राहील, संध्याकाळपर्यंत. पलीकडची मुलगी बहुधा म्हणत होती की जागा नाही.

"जागा नसू दे," दोन्या कुका म्हणाल्या. "आम्ही उभ्या राहू. मी फार वेळ उभी राहू शकते, मिहा, तुला कल्पना नाही."

त्या मुलीच्या कानावर ही गोड मिहा पडली असणार. दुपारच्या जेवणानंतरची जागा मिळाली.

एव्हेरार्दोने दोघींना सोडलं आणि गाडीतच बसून राहिला. त्याचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता. उतरताना नोएमीला म्हणाला, "मी पण विचारू का त्यांना? म्हणजे, पुरुषांची काही तपासणी असते का?" नोएमी म्हणाली, विचार तुझं तू. गाडीत बसून काही कळायचं नाही तुला.

दोन्या कुका आत यायला हटूनच बसल्या. नोएमीने चालेल म्हणून मान हलवल्यावर सामोरा बाईंनी त्यांना पडद्याच्या पलीकडे खुर्ची दिली. तिथे त्या सुनेची पर्स मांडीवर घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"तुम्ही कधी करून घेतलीत ही तपासणी, सेन्योरा?" सामोरा बाईंनी हातमोजे चढवत विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"धाड भरायच्या आधीच करायची असते ती."

नोएमी पाय वर ठेवून पडली. छताच्या एका चौकोनावर कुणीतरी समुद्रकिनाऱ्याचं चित्र चिकटवलं होतं, बायकांचं मन रमावं म्हणून. तिला ते बघून आणखीच वैताग आला.

"आता जरा थंड लागेल हं," सामोरा बाई म्हणाल्या.

"थंड?" पडद्याआडून आवाज आला. "गरम करून घ्या ना मग!"

"दोन्या कुका!" नोएमी ओरडली.

सामोरा बाईंनी निमूटपणे अवजार कोमट पाण्याखाली धरलं. मग बराच वेळ त्या दुर्बिणीतून बघत राहिल्या. दिसायला तरी फार भिण्यासारखं नाही, त्या म्हणाल्या, लवकर आलात ते बरं केलंत. तुकडा पाठवते, मग नक्की सांगता येईल.

"विचार," पडद्याआडून कुजबूज आली.

"काय?"

"ते. कलिंगडाचं."

"आत्ता?" नोएमी म्हणाली. "हे असे पाय वर असताना?"

"मग कधी? माझं नाव घेऊ नकोस."

नोएमीने डोळे मिटले. ह्या बाईच्या पायी आयुष्यात काय काय करावं लागलं, त्यात हे शिरोमणी. "बाई," ती म्हणाली, "एकीला विचारायचंय. बाळंतपणात कलिंगड खाल्लं तर त्यानं पुढे हा कॅन्सर होतो का?"

सामोरा बाई थांबल्या. "कलिंगड? नाही हो. त्याचा काही संबंध नाही. फळच ते. तुम्हीसुद्धा खा की."

"परत विचार," पडद्यामागचा आवाज आता कुजबुजत नव्हता. "चाळीस दिवसांच्या आत म्हणावं. विहिरीत गार केलेलं. मोठी फोड होती."

सामोरा बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग नोएमीकडे. त्या काय समजायचं ते समजल्या असाव्यात, कारण पुढचं त्या नोएमीशी नाही, पडद्याशी बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"नाही, सेन्योरा. विहिरीतलं असो, कितीही गार असो, केवढीही मोठी फोड असो. ज्यानं कुणी दिलं असेल, त्यानं चांगलंच केलं. बाळंतिणीला तहान लागली असेल."

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. आतल्या वस्तू एकेक करून बाहेर निघत होत्या, किल्ल्या, पावडर, चिप्सचं एक जुनं पाकीट. रुमाल काही सापडत नव्हता.

"नाही, नाही," दोन्या कुका स्वतःशीच म्हणत होत्या. "पथ्यात रडू नये. डोळे जातात."

"पथ्य मला होतं, दोन्या कुका," नोएमी छताकडे बघत म्हणाली. "तुम्ही रडा."

पडद्यापलीकडे पर्स खाली पडली. किल्ल्या फरशीवर सांडल्या आणि त्या उचलायला कुणी वाकलं नाही.

"हलू नका हं," सामोरा बाई म्हणाल्या, "आता तुकडा घेते."

नोएमीने न हलण्याचा प्रयत्न केला, पण तिच्या खालचा कागद सारखा सळसळत राहिला.